ओरोनामिन सी: बाटली लहान आहे तेच बरं आहे

ओरोनामिन सी हे जपानी शीतपेय नेमाने पिऊन माझी ताकद वाढली नाही, सर्दी चुकली नाही आणि चेहऱ्यावर तेजबीज काही आलं नाही. तरीही गेल्या जूनमधल्या पावसापासून ते आता उमेची, म्हणजे जपानी जर्दाळूची, झाडं फुलेपर्यंत आमच्या फ्रिजच्या दारात दोन-चार बाटल्या कायम असतात आणि संपल्या की मी पुन्हा आणते. असं का, ते सांगायला हा सगळा खटाटोप. इथे तोक्योतल्या निशी-कासाईत नव्याने राहायला आलेले आपले लोक हमखास विचारतात, ती औषधासारखी दिसणारी पिटुकली बाटली नक्की आहे काय, प्यावी का, पोरांना द्यावी का. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिलेलं बरं.

बाटली आहे १२० मिलीलिटरची. तपकिरी काच, वर पत्र्याचं झाकण. बनवणारी ओत्सुका ही मुळात औषधं आणि सलाइन बनवणारी, तोकुशिमाकडची कंपनी. पोकारी स्वेट हे घाम गाळल्यावर प्यायचं जरासं खारट पेय त्यांचंच. इथल्या दुकानात पाकिटातली तयार करी मिळते ना, उकळत्या पाण्यात ठेवून भातावर ओतायची, ती जपानी बाजारात १९६८ साली पहिल्यांदा आणली तीही ओत्सुकाच्याच घराण्यातल्या कंपनीने. करीचा विषय निघालाच म्हणून सांगितलं, चवीबद्दल मी बोलणार नाही. ओरोनामिन सी त्याआधीची, १९६५ ची. काच तपकिरी आहे ती शोभेला नव्हे. आत बी-२ जीवनसत्त्व आहे आणि ते उजेडाने खराब होतं. पेयाचा पिवळा रंगही बराचसा त्याचाच.

ही औषधाच्या कपाटात न जाता किराणा दुकानात कशी आली, हा किस्सा मला फार आवडतो. त्या काळी जपानमध्ये जीवनसत्त्वांची टॉनिकं औषधांच्या दुकानातच मिळायची. लिपोव्हिटान डी १९६२ मध्ये आलं होतं आणि जोरात खपत होतं. ओत्सुकाने आपल्या टॉनिकात गॅस भरला. फसफसणाऱ्या पाण्याला औषध म्हणायला सरकारी खातं तयार होईना, म्हणून ओरोनामिन सी 'शीतपेय' ठरली. कंपनीला तेव्हा धक्का बसला असणार, पण शीतपेय म्हटल्यावर ते कुठेही विकता येतं! किराणा दुकान, स्टेशनवरचा ठेला, सार्वजनिक स्नानगृह, सगळीकडे ती जाऊन बसली. आजही तिच्यावर 'थकवा घालवते' असं छापता येत नाही. लिपोव्हिटानच्या बाटलीवर तसला मजकूर असतो, कारण त्याचा वर्ग वेगळा. ओरोनामिनवाले नुसतं 'गेन्की हात्सुरात्सु!' म्हणून ओरडतात, म्हणजे एकदम ठणठणीत, टवटवीत. यात दावा काहीच नाही आणि ऐकणाऱ्याला मात्र सगळं कळल्यासारखं वाटतं. जाहिरात कशी लिहावी हे यांच्याकडून शिकावं. ओमुरा कोन नावाच्या विनोदी नटाचा, नाकावर चष्मा घसरलेला आणि हातात बाटली धरलेला जुना पत्र्याचा फलक खेडोपाडी अजूनही एखाद्या लाकडी भिंतीवर दिसतो. आम्ही गाडीने फिरायला गेलो की लेक तो शोधत बसते.

आता झाकणाकडे येते, कारण पहिल्यांदा हातात घेणारा तिथेच अडतो. फिरवून उघडायला जाऊ नका, ते फिरत नाही. बाजूला एक कडी असते. ती नखाने उचलायची, बोट घालायचं आणि खाली ओढत बाहेर काढायचं. पत्रा फाटत जातो, शेवटी 'टप्प' होतं आणि अख्खं झाकण कडीसकट बोटात अंगठीसारखं राहतं. फाटलेली कड धारदार असते, पोरांच्या हातात देऊ नका. नखं कापलेल्या दिवशी मला चमच्याचं टोक लावून कडी वर काढावी लागते.

हे झाकण असं का, हे आमच्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ बाईंनी सांगितलं तेव्हा मी गप्पच झाले. आधी फिरकीचं झाकण होतं. १९८५ मध्ये जपानमध्ये ठिकठिकाणी व्हेंडिंग मशीनपाशी कुणीतरी पॅराक्वाट नावाचं तणनाशक मिसळलेल्या पेयाच्या बाटल्या ठेवून गेलं. मशीनमधून आपली बाटली घेताना तिथे आणखी एक दिसली, की लोकांना वाटायचं आधीच्या गिऱ्हाइकाची राहिली किंवा फुकट आली, आणि ते ती पीत. त्या वर्षात १२ माणसं गेली. त्यातल्या बऱ्याच बाटल्या ओरोनामिन सीच्या होत्या. हे करणारा कधीच सापडला नाही. कंपनीचा यात दोष नव्हता, पण फिरकीचं झाकण उघडून परत लावलं तर पटकन कळत नाही, ही अडचण होतीच. त्यानंतर हे एकदाच फाटणारं झाकण आलं. तेव्हापासून ती कडी ओढायचा मला कंटाळा येत नाही. गैरसोय एवढीच, की उघडली की संपवायची. अर्धी ठेवून नंतर पिऊ, हा मार्ग नाही.

चव. लहानपणी तापातून उठल्यावर डॉक्टर बी-कॉम्प्लेक्सचं सिरप लिहून द्यायचे, आठवतं? बाटली उघडल्यावर पहिला वास तोच येतो. माझ्या नवऱ्याचा उत्साह तिथेच मावळला, त्याने आजतागायत दुसरी बाटली घेतलेली नाही. पण तो वास दोन क्षणांचा. घोट घेतला की आधी आंबट-गोड, मागून मधाचा जरासा जाडपणा, आणि गॅस असा की जिभेच्या कडेला चिमटे बसतात, पण नाकात जात नाही. फळ कुठलं म्हणाल, तर कुठलंच नाही. लिंबाची अपेक्षा ठेवून प्याल तर निराश व्हाल. घशाखाली गेल्यावर मागे किंचित औषधी चव रेंगाळते. मला सुरुवातीला ती खटकायची, हल्ली तीच हवीशी वाटते. थंडगार असेल तरच प्या, हे मात्र निक्षून सांगते. कोमट ओरोनामिन म्हणजे शुद्ध पाक. पण लवकर गार व्हावी म्हणून फ्रीझरमध्ये टाकू नका, काच आहे आणि आत गॅस आहे.

पाक म्हटलं ते उगाच नव्हे. जपानमध्ये वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. इथे पहिली साखर, मग ग्लुकोज-फ्रुक्टोजचा पाक, मग मध. एका बाटलीत कर्बोदकं १९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाच सपाट चहाचे चमचे साखर, आणि उष्मांक ७९. हे १२० मिलीलिटरमध्ये! शंभर मिलीलिटरला सुमारे १६ ग्रॅम पडले. कोलामध्ये हेच ११ च्या आसपास असतं. घोटाला घोट लावला तर ओरोनामिन कोलापेक्षा गोड आहे, आणि हे सांगितलं की आपल्याकडचे लोक विश्वासच ठेवत नाहीत. 'अगं पण व्हिटॅमिन आहे ना त्यात!' आहे की. पण साखरेला ते माहीत नाही.

वाचवते ती बाटलीची लहानखोरी. अर्धा लिटर कोला संपवला तर पन्नासहून जास्त ग्रॅम साखर पोटात जाते. ओरोनामिनची बाटली तीन-चार घोटांत संपते आणि १९ वर हात थांबतो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. एका बाटलीने त्यातला तीन चतुर्थांश वाटा खाल्ला. मग त्या दिवशी चहात साखर आणि संध्याकाळी मोची ही तांदळाची मिठाई, असं करून भागत नाही. मी रोज एक पीत होते तेव्हा दोन्ही सोडलं नव्हतं. वजनकाट्याने ते नीट नोंदवून ठेवलं. आता आठवड्यातून दोन-तीनदाच.

जीवनसत्त्वाचं बघू. क जीवनसत्त्व २२० मिलिग्रॅम. इथे पेयांवर 'इतक्या लिंबांचं सी' असं छापायची फार हौस, आणि त्या हिशेबात एक लिंबू म्हणजे २० मिलिग्रॅम धरतात. म्हणजे ही ११ लिंबं झाली. ऐकायला भारी वाटतं. पण जपानमध्ये मोठ्या माणसाची रोजची शिफारसच १०० मिलिग्रॅमची आहे. भारतात ती आणखी कमी, पुरुषांना ८०. शरीर क साठवून ठेवत नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. बी-२ चं तेच, आणि ते तर दिसतंच. पहिल्या आठवड्यात पिवळाधम्मक रंग बघून मी जरा चरकले होते. काही नाही, पैसे वाहून चाललेत इतकंच. सर्दीबद्दल आजवरचे अभ्यास सांगतात, की नेमाने क घेतल्याने सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर आवरते. या हिवाळ्यात मला सर्दी झाली ती नेहमीएवढीच झाली. भारतात असते तर शंभर ग्रॅम पेरू खाऊन जवळपास तेवढंच क मिळवलं असतं, तिखट-मीठ लावून, आणि सोबत चोथाही पोटात गेला असता. तोक्योत चांगला पेरू शोधणं म्हणजे दिव्यच. पण हिवाळ्यात मिकानची संत्री ढिगाने असतात, ती कुणी नाकारलीत?

मग तरतरी येते ती कशाने? साखरेने, गारव्याने, गॅसच्या झटक्याने आणि थोडी कॅफीनने. कॅफीन १८ मिलिग्रॅम आहे, म्हणजे कपभर हिरव्या चहाइतकंसुद्धा नाही. लिपोव्हिटान डीत ५० असतं. रात्रभर जागायचं असेल तर ओरोनामिनच्या भरवशावर राहू नका. उलट दुपारी चार वाजता, कॉफी घेतली तर रात्री झोप उडेल आणि काही नाही घेतलं तर मीटिंगमध्ये डुलकी लागेल, अशी जी वेळ असते ना, तिथे ही बाटली अगदी फिट बसते. माझ्या अनुभवाने पाऊण तास बरं वाटतं. जेवणानंतर लगेच घेतली तर तेवढंही नाही.

ऑफिसात या बाटलीला एक वेगळंच काम आहे. कुणाचं काम अडलंय, रात्री उशिरापर्यंत लोक बसलेत, की दुसऱ्या विभागातलं कुणीतरी दहा बाटल्यांचा खोका आणून टेबलावर ठेवतं आणि वाकून निघून जातं. भाषण नाही, काही नाही. आमच्या मार्चअखेरच्या धावपळीत असे खोके येतात. लिपोव्हिटान दिलं तर 'तुम्ही फार दमलेले दिसता' असं म्हटल्यासारखं होतं, कॉफी काहींना चालत नाही. ओरोनामिन नाकारायला कुणाला कारण सापडत नाही. भाषा धड येत नसताना मी शेजारच्या टीमला पहिल्यांदा मदतीची परतफेड केली ती याच खोक्याने, आणि ते काम चोख झालं.

पण तिची खरी जागा सेंतोत. सार्वजनिक स्नानगृहातून लालबुंद होऊन बाहेर यायचं, टॉवेल गळ्यात, आणि काउंटरजवळच्या काचेच्या फ्रिजमधून बाटली काढायची. शेजारी कॉफीचं दूध, फळांचं दूध, आणि कोपऱ्यात ही. तहानलेल्या माणसाला १२० मिलीलिटर पुरत नाही हे खरं, त्यावर सौनावाल्यांनी तोडगा काढलाय: ओरोपो. मोठ्या दांडीच्या बिअरच्या मगात भरपूर बर्फ, एक बाटली ओरोनामिन, वरून पोकारी स्वेट. पोकारीने गोडी आणि गॅस दोन्ही सौम्य होतात, जरा मीठ येतं, औषधी वास जवळजवळ जातो. ज्यांना नुसती ओरोनामिन आवडत नाही त्यांनी हे जरूर करून पाहा. माझा नवरा हेच पितो आणि वर म्हणतो, मी ओरोनामिनला हात लावत नाही. साखर दोन्हीकडून येते, एवढं ध्यानात असू द्या.

घरी प्रयोग केले. दुधात घालून घट्टसर, दह्याच्या सरबतासारखं लागतं. लेकीला ते फार आवडलं. दूध पूर्ण थंड हवं आणि ओरोनामिन हळूहळू ओतायची, नाहीतर आंबटपणाने गुठळ्या धरतात. अंड्याचा कच्चा बलक घालून पिण्याची इथे जुनी पद्धत आहे, कंपनीनेच एके काळी तिचा गाजावाजा केला होता. इथली अंडी कच्ची खातात, त्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता. मी एक घोट घेतला. तुम्ही नाही घेतलात तरी चालेल. कोकम आगळ घालून पाहिलं, रंग सुरेख आला, पण दोन आंबट एकमेकांशी भांडत राहिले. चिमूटभर काळं मीठ मात्र झकास. सोड्यात घालतो तसं घाला, पण जपून, फेस भसकन वर येतो.

एक गंमत पोरांसाठी. कराओकेच्या काही खोल्यांत जांभळा, ज्याला ब्लॅकलाइट म्हणतात तो दिवा असतो. त्याच्याखाली काचेच्या पेल्यात ओरोनामिन ओता. पोपटी-पिवळी चमकायला लागते, आतून दिवा लावावा तशी. बी-२ ची करामत. लेकीच्या वाढदिवसाला केक कुणाला आठवत नाही, हे आठवतं.

पैशाचं म्हणाल तर व्हेंडिंग मशीनवर शंभराहून थोडे जास्त येन, औषधांच्या दुकानात दहाचा खोका घेतला तर बाटलीमागे बऱ्याचदा शंभराच्या आत. मिलीलिटरच्या हिशेबाने महागच, कारण त्यापेक्षा थोडे जास्त येन टाकले की दुसऱ्या पेयाची मोठी बाटली मिळते. पण खोका घेऊ नका असं मी सांगेन. घरात दहा असल्या की रोज एक जाते. एकेक बाटली सुटी आणली तर विचार करून आणली जाते. शिवाय काचेचं ओझं चौथ्या मजल्यावर कोण वाहणार, आणि काच-डबे टाकायच्या दिवशी सकाळी पिशवीतून तो खणखणाट! शेजारच्या आजी 'गेन्की देसु ने', म्हणजे 'ठणठणीत आहेस हं', म्हणून हसतात. झाकण वेगळं, काच वेगळी, बाटल्या विसळून, हे आलंच.

याच जातीतली इतर पेयंही या काळात घेऊन झाली. सनतोरीचं सीसी लेमन लिंबाचं आहे आणि तहान भागवतं, पण मोठी बाटली हातात आली की ती संपतेच, आणि साखरेचा हिशेब तिथेच कोसळतो. देकाव्हिता सी ओरोनामिनची थोरली बहीण शोभेल, बाटली मोठी, चव जास्त गुळमट. मॅच हे ओत्सुका घराण्याचंच, प्लास्टिकच्या बाटलीत, हलकं, शाळकरी पोरांत चालणारं. खेळून आल्यावर मी लेकीला तेच देते. गोडीच्या धारेत यातलं कुणी ओरोनामिनच्या जवळ येत नाही, आणि गंमत म्हणजे दिवसाअखेर सगळ्यात कमी साखर मी ओरोनामिनमधूनच घेतलेली असते.

कुणी घेऊ नये हेही सांगते. मध आहे, त्यामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला थेंबही नाही. मध न खाणाऱ्या जैन मंडळींनीही सोडून द्यावी. फेनिलअलानिन नावाचं अमिनो आम्ल घातलेलं आहे, ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांना ते माहीत असतंच. मधुमेह्यांनी तर नाहीच. माझे आई-बाबा दिवाळीत इथे आले होते तेव्हा आईने फ्रिज उघडून विचारलं, 'अगं, एवढी कसली औषधं चालू आहेत तुला?' बाबांना साखर आहे, त्यांनी मात्र बाटली बघताक्षणी ओळखलं की यात आपल्या कामाचं काहीतरी गोड आहे. त्यांना मी एक घोट दिला, बाकीची आई प्यायली आणि 'गोळीवाला सोडा याच्यापेक्षा बरा' म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पर्समधले येन काढून मशीनवरून तिने आणखी एक आणली.

गावी न्यायची असेल तर चेक-इनच्या सामानात, टॉवेलात गुंडाळून, दोन-तीनच न्या. हातसामानात चालणार नाही, १२० मिलीलिटर म्हणजे शंभराच्या मर्यादेबाहेर. आखातात राहणाऱ्यांनी आधी जवळच्या दुकानात बघावं, तिकडेही ती मिळते.